अडतीस फेरे

"एमिल, तुमच्या टेकडीवर कुणीतरी पाणी खातंय," पाणीखात्यात नव्यानं आलेली कोरिन म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

एमिल हाकालानं चष्मा कपाळावर चढवला. पडद्यावर सगळं आयर्नक्लिफ गाव पसरलं होतं. घरं नाहीत, झाडं नाहीत, नुसत्या पाण्याच्या वाहिन्या. मासा खाऊन काटे उरावेत तसं.

"हिशेबानं शनिवारी चारला टेकडीवर पंचावन्न पौंड दाब पाहिजे. मागच्या शनिवारी मी मापक लावला. अठरा!"

"शनिवारी चारला अख्खी टेकडी सौना पेटवते, पोरी. आम्ही फिनलंडची माणसं. वाफेत बसल्याशिवाय आमचा रविवार उजाडत नाही. सगळे एकदम पाणी ओढतात."

"ते धरलंय. घरटी तीन बादल्या जास्तच धरल्यात."

"मग टेकडीच आहे ती. चढताना पाणीसुद्धा दमतं."

"दमत असतं तर रोज दमलं असतं. पहाटे हाच मापक एकसष्ट दाखवतो."

पाणी दमतं, हे एमिल एकोणतीस वर्षं सांगत आला होता आणि टेकडीनं ते मानलंही होतं. चर्चच्या दारावर पाळ्यांची यादी लागायची: विषम घरं साडेतीनला, सम घरं पाचला. टोइव्हो माकीनं लग्नाच्या दिवशी डोक्याला साबण लावला आणि तो धुऊन निघेपर्यंत बायकोला पहिलं मूल झालं, असं लोक सांगत. साबणाचं खरंखोटं देव जाणे, पण मुलाची नोंद गावाच्या दप्तरात आहे. म्हातारे म्हणत, पूर्वी इथं पाणी धो धो यायचं. पण म्हाताऱ्यांचं पूर्वी सगळंच धो धो असतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

एमिलची बायको आउने मात्र पाळीची वाट बघत बसायची नाही. निळी बादली घेऊन ती पायथ्याच्या बहिणीकडे उतरायची आणि भरून वर आणायची. "पाणीखात्यातल्या माणसाची बायको पाणी वाहते बघा!" असं वाटेत भेटेल त्याला हसून सांगायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"दोनच कारणं असू शकतात," कोरिन म्हणाली. "एक तर वाहिनी आतून गंजून चिंचोळी झालीय. मग अख्खा रस्ता खणावा लागेल. नाहीतर या बारा इंची वाहिनीवरचा व्हॉल्व्ह बंद आहे आणि टेकडी मागच्या गल्लीतल्या चार इंचीवर जगतेय."

"तो उघडा आहे."

आवाज जरा चढलाच. दहा दिवसांनी तो निवृत्त होणार होता. एमिलच्या हातून कधी व्हॉल्व्ह चुकला नाही, हे खात्यात सूर्य उगवतो तितक्या खात्रीनं बोललं जायचं. व्हॉल्व्हच्या नोंदींच्या चार हजार कार्डांतून त्यानं ते एक कार्ड बरोब्बर उपसलं. 'उघडा. ए. हाकाला.'

"हे शहाण्णवच्या जानेवारीतलं आहे," कोरिन म्हणाली. "नंतर कधी फिरवून बघितलात?"

"वर डांबर पडलं."

"म्हणजे नाही."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी साडेतीनला दोघं रस्त्यावर होते. लोखंड शोधणारं यंत्र गुरगुरलं, एमिलनं डांबर फोडलं, झाकण काढलं आणि लांब किल्ली खाली सोडून डावीकडे जोर लावला. किल्ली हलेना.

"बघ! पूर्ण उघडा."

"एक विचारू? पूर्ण बंद असता, तर हाताला वेगळं लागलं असतं?"

गावचे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात. टेकडीवरचं पाणी मात्र पूर्वी इथल्या खाणवाल्यांनी आणलं होतं आणि त्यांचे व्हॉल्व्ह उजवीकडे उघडत. खात्यातल्या कुणालाही हे झोपेत ठाऊक. आणि हा व्हॉल्व्ह नेमका गाव आणि खाणीच्या जुन्या हद्दीवर. खाणीचा असेल, तर डावीकडे तो बंद होतो.

त्यानं किल्लीच्या दांड्याला कान लावला. चार वाजत होते. टेकडीवरच्या धुराड्यांतून धूर निघत होता. वाहिनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणायला हवी होती. ती गप्प होती.

"माझ्या जोडीला असलेल्या रूडीनं बंद केला होता," तो हळूच म्हणाला. "त्या जानेवारीत सकाळी वाहिनी फुटली. बोटं गारठली म्हणून त्याला दवाखान्यात नेलं. दुपारी मी आलो. डावीकडे फिरवला, हलला नाही. वाटलं, रूडीनंच उघडून ठेवलाय."

रूडी सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्याकडून तक्रार यायची शक्यता नव्हती.

कोरिननं वही उघडली. "कारण काय लिहू? 'जुना व्हॉल्व्ह अडकला' लिहिते. थोडेच दिवस तर राहिलेत तुमचे."

"व्हॉल्व्ह ठणठणीत आहे."

"मग रूडी?"

"बंद करायचं काम रूडीचं. त्यानं चोख केलं. उघडायचं माझं होतं. माझं नाव लिही."

"एमिल..."

"लिही म्हणतो ना! आणि मोज."

त्यानं किल्ली उजवीकडे फिरवली, सावकाश, पाण्याचा धक्का बसू नये म्हणून. सातव्या फेऱ्याला वाहिनीनं घसा खाकरला. विसाव्याला किल्ली हातात थरथरू लागली. अडतिसाव्याला थांबली. मापकाचा काटा चोपन्नावर होता. वरून टोइव्हो माकीची आरोळी आली, "अरे, धावा! माझा नळ पिसाळला!"

कोरिन खदखदून हसली. एमिलनं कार्डावरचा जुना शब्द खोडून खाली लिहिलं: 'बंद होता. आज उघडला. उजवीकडे, अडतीस फेरे. ए. हाकाला.'

घरी येऊन त्यानं सौना पेटवला आणि निळी बादली नळाखाली ठेवली. आधी तांबूस पाणी आलं. ते त्यानं ओतून दिलं. मग स्वच्छ आलं आणि तो नळ बंद करेपर्यंत बादली भरून वाहिली.

कडी हाताला रुतू नये म्हणून आउनेनं गुंडाळलेली चिंधी अजून तिथंच होती. पाणी स्थिर होईपर्यंत तो बघत राहिला.

मग त्यानं बादली उचलली. एकोणतीस वर्षांत ती भरलेली त्यानं कधी उचलली नव्हती. जड होती.