तांबड्या शाईतले दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, कापडी पाठीची. तुमच्या वह्यांत तुम्ही लिहिता. माझ्यात मात्र मुलांविषयी लिहिले गेले. म्हणूनच मला कधी स्वस्थता लाभली नाही. वाऱ्याने पान उलटले तरी काळजात धस्स होते. कोणाचे पान उघडले? कोण वाचते आहे? त्याला त्यातले खरे कळेल का?

ठाण्याच्या बाजारात एका बाइंडरच्या दुकानात १९५३ सालच्या मे महिन्यात मला शिवले. माझ्या अंगाला खळीचा वास होता. मला करवून घेणारे गृहस्थ होते महिपत खामकर, कोलशेतच्या शाळेतले गुरुजी. वय सव्वीस. ते मूळचे साताऱ्याकडचे. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतेच परतले होते आणि एक नवा विचार घेऊन आले होते. मूल एका दिवसाच्या परीक्षेत कळत नाही, ते वर्षभर बघावे लागते. त्याला काय येते, ते कसे खेळते, कोणाला मदत करते, कशाला घाबरते, हे सारे टिपून ठेवावे लागते. त्यासाठी मी.

गुरुजींनी प्रत्येक मुलाला चार पाने दिली. डोळ्यांनी पाहिलेले ते काळ्या शाईने लिहीत. स्वतःचे मत, म्हणजे शेरा, तांबड्या शाईने.

शाळेचे हेडमास्तर अण्णा. पन्नाशी उलटलेले, पाढ्यांचे पक्के. त्यांना मी मुळीच आवडले नाही.

"अहो महिपतराव," ते म्हणाले, "आंब्याची पेटी मोसमात एकदा उघडायची असते. तुम्ही रोज उघडून आंबे दाबून बघणार. नासतील अशानं!"

गुरुजी हसले. मला मात्र ते बोलणे झोंबले. पुढे कळले की त्यात थोडे तथ्य होते.

माझ्या एकोणिसाव्या पानापासून शकूची पाने सुरू होत. शकू चौथीत होती, अकरा वर्षांची. तिचा बाप धाकू आणि आई बायजा, दोघेही खाडीकाठच्या मिठागरावर राबत. शाळा चौथीपर्यंतच होती. चौथी पास झाली तर शकू शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत जाणार होती. नापास झाली तर काय होणार, ते धाकूने आधीच सांगून ठेवले होते.

"नापास झाली तं बस झाली शाला. मंग कामाला येल."

पावसाळ्यातली तिची पाने काळ्या शाईने भरली. 'आज पहिलीतल्या लहान मुलीला चिखलातून कडेवर घेऊन आली.' 'शुद्धलेखनात चुका फार.' 'भेंड्यांत हरली की रागावते.' ही पाने मला आवडत. त्यांत एक जिवंत मुलगी होती.

मग दिवाळी उलटली, थंडी पडली, मिठागरे सुरू झाली. जानेवारीत शकू तीन आठवडे शाळेत आली नाही. आली तेव्हा गुरुजींनी विचारले, "कुठं होतीस?"

"मी आजारी होती."

"काय झालं होतं?"

शकूने हात पाठीमागे नेले. वर्गातले कोणीतरी फिदीफिदी हसले. दुसऱ्याच दिवशी एका गावकऱ्याने गुरुजींना सांगितले की, त्या तीन आठवड्यांत ती मिठागराच्या वाटेवर धडधाकट चालताना दिसली होती. गुरुजींना तिच्याकडून मोठ्या आशा होत्या. म्हणूनच राग अधिक आला असावा. मधल्या सुट्टीत त्यांनी मला उघडले, टाक तांबड्या दौतीत बुडवला आणि लिहिले : 'खोटे बोलते. अभ्यासाची आवड नाही.'

टाकाचे टोक पानात रुतले. मित्रांनो, कागदाला तोंड असते तर मी ओरडले असते, "थांबा! आधी तिचे हात बघा!" ती वळून जागेवर जाताना टेबलावरून मला ते दिसले होते. तळव्यांवर फोड होते, काही फुटलेले.

त्या रविवारी गुरुजी मला बगलेत मारून धाकूकडे तक्रार करायला निघाले. दुपारच्या उन्हात मिठागर इतके चमकत होते की डोळे उघडे ठेववत नव्हते. घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून शकू लाकडी फळीने मीठ ओढत होती. बांधावर तिची आई बायजा पाय पसरून बसली होती. तिच्या पायांना चिंध्या बांधल्या होत्या. खाऱ्या पाण्याने तळव्यांना भेगा पडून त्यांच्या जखमा झाल्या होत्या.

शकूने गुरुजींना पाहिले आणि फळी टाकून दिली.

"आजारी कोण होतं, शकू?"

"आय."

"मग तू होतीस असं का सांगितलंस?"

"तुमीच सांगलेलं ना, शालेच्या पोराला कामावं नेला तं बापसाला कोरटात उभा करतात." तिने पाण्यात पडलेली फळी उचलली. "मी खरा बोलली असती तं बापूस गेला असता."

गुरुजींनी खरेच तसे सांगितले होते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता आणि तो समजावून देणे हे त्यांचेच काम होते. ते बांधावर बसले. मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांचा हात माझ्या पुठ्ठ्यावरून उगाच फिरत होता.

काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "हे एवढे ढीग. किती टोपल्या मीठ असेल?"

"एका ढिगाला बावन्न लागतान. अकरा ढीग हायेत." शकूने आकाशाकडे बघितले. "पाचशे बहात्तर. पन उद्या वारा फिरंल, मंग सुकून कमी भरतील."

वर्गात तिला बावन्न गुणिले अकरा पाटीवर जमत नसे.

धाकू जवळ येऊन उभा राहिला होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "गुरुजी, तुमचे वहीन काय लिवता ते आमाला वाचता येत नाय. पन एकदा लिवलेलं पुसत नाय, येवढं ठावं हाय."

घरी येऊन गुरुजींनी मला उघडले. टाक हातात घेतला आणि तसाच धरून बसले. शेरा चुकला असे लिहायचे, तर कारण लिहावे लागणार. कारण लिहावे, तर धाकूविरुद्ध पुरावा तयार होणार. शेवटी त्यांनी काळ्या शाईने एवढेच लिहिले : 'तोंडी हिशेब उत्तम. वाऱ्याचे ज्ञान आहे.' तांबडे शब्द तसेच राहिले. त्या दिवसापासून मी एक खोटी गोष्ट अंगावर बाळगून होते, आणि ती खोटी आहे हे मला ठाऊक होते. याहून वाईट अवस्था वहीची दुसरी कोणती?

एप्रिलमध्ये दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरांना तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, दोन दिवसांत पाच शाळा उरकायच्या. चौथीच्या मुलांची परीक्षा तेच घेणार होते. त्या दिवशी पायांना चिंध्या बांधून बायजा स्वतः मिठागरावर गेली आणि तिने शकूला शाळेत पाठवले.

शकूला नद्यांची नावे आठवली नाहीत. शुद्धलेखनात अकरा चुका झाल्या. मग दिपोटींनी हिशेब घातला. "एका गवळ्याने सहा शेर दुधात दोन शेर पाणी घातले..."

"त्याना पानी कशाला घातला?" शकूने विचारले.

वर्ग हसला. दिपोटींना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तिच्या नावापुढे 'नापास' लिहिले.

तेव्हा गुरुजी मला दोन्ही हातांत धरून पुढे झाले. "साहेब, एका तासावर निकाल नको. वर्षभराची नोंद आहे, बघा."

गुरुजींना वाटत होते, काळ्या शाईची तीन पाने तांबड्या एका ओळीला भारी पडतील. पण घाईतला माणूस आधी तांबडे वाचतो. दिपोटींनी पान उघडले आणि त्यांचे बोट नेमके तिथेच टेकले.

"हे काय? 'खोटे बोलते. अभ्यासाची आवड नाही.' अक्षर तुमचंच ना?"

"माझंच, साहेब. पण तो शेरा चुकीचा आहे."

"कशावरून?"

गुरुजींनी मान वळवून शकूकडे पाहिले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अण्णा सावरून बसले.

"कारण सांगा," दिपोटी म्हणाले.

"सांगता येत नाही, साहेब."

"मग मी तुमचं तोंड मानू की तुमची वही?"

माझी सारी पाने त्या क्षणी फाटली असती तरी मला चालले असते. ज्या मुलीसाठी मला पुढे केले, तिच्याविरुद्ध मीच साक्ष देत होते.

इतक्यात मागून आवाज आला. "साहेब, मी खोटा बोललेली."

शकू उभी होती. परकराची कड तिने मुठीत धरली होती.

"मी आजारी नव्हती. आयचे पाय फाटलेले. तिला उभा रावता येत नव्हता. म्हनून मी मिठागरावं गेलेली." मग एकदम रडत म्हणाली, "गुरुजींनी लिवला ता बरोबर हाय. पन बापसाला कोरटात नेव नका."

वर्गात कोणी हसले नाही. दिपोटींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"गैरहजेरीचा अहवाल कोणी लिहायचा असतो?" त्यांनी विचारले.

"मी," गुरुजी म्हणाले.

"लिहिलात?"

"नाही."

"मग आधी त्या बाईच्या पायांना औषध मिळतं का ते बघा. अहवालाचं नंतर." त्यांचा आवाज अजून कडकच होता. "आज ही मुलगी नापास आहे. ते मी बदलणार नाही, कारण नद्या तिला आल्या नाहीत. पण मिठाचे दिवस संपल्यावर, जूनमध्ये, पुन्हा परीक्षा घ्या. एक तास नको, तीन दिवस घ्या."

आणि माझ्यावर, तांबड्या ओळीच्या खाली, त्यांनी लिहिले : 'वरील शेरा कारण न विचारता लिहिलेला आहे. ग्राह्य धरू नये.' खाली सही केली. गुरुजींची मान खाली गेली. मला मात्र जानेवारीनंतर पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

जूनमधली परीक्षा अण्णांनी घेतली. पहिल्या दिवशी ते रागातच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शकूला पाटी बाजूला ठेवायला लावून तोंडी हिशेब घातले आणि स्वतः कागदावर मांडू लागले. तिसऱ्या दिवशी नद्या विचारल्या. तीन चुकल्या. संध्याकाळी त्यांनी गुरुजींकडून मला मागून घेतले आणि लिहिले : 'पास. तोंडी हिशेबात मी दोनदा मागे पडलो.'

शकू पाचवीला गेली, सहावीलाही गेल्याचे कानावर आले. त्यापुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. माझ्यात चारच पाने होती तिच्यासाठी. पुष्कळदा वाटते, तिला कोणी विचारून तरी बघा.

त्या प्रसंगानंतर गुरुजींनी एक पद्धत पाडली. कोणाच्याही पानावर शेरा लिहिण्यापूर्वी ते त्या मुलाला जवळ बोलावत, तो वाचून दाखवत आणि विचारत, "बरोबर आहे का रे?" अण्णा म्हणत, "आता आंबेच पेटी तपासणार म्हणा!" पण म्हणताना हसत.

१९५६ साली गुरुजींची बदली खडवलीला झाली. माझी पन्नासेक पाने कोरी होती, म्हणून मीही त्यांच्या ट्रंकेत बसून गेले. तिथे तिसरीत शीला नावाची मुलगी होती. तिचे वडील दौलत रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. शीलाची जुनी प्रगतिपुस्तके गुरुजींनी चाळली. दोन्ही वर्षांत एकच शेरा होता : 'शांत व गुणी.' गुरुजींनीही महिनाभर पाहिले. ती मागच्या बाकावर बसे, कधी गडबड नाही, कधी प्रश्न नाही. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि वाचून दाखवले, "शीला. स्वभाव शांत. बरोबर आहे का गं?"

शीला त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. गुरुजींनी मोठ्याने पुन्हा विचारले.

"नाही, गुरुजी," ती म्हणाली. "मी शांत नाहीये. मला ऐकूच येत नाही."

गुरुजींच्या हातातला टाक खाली ठेवला गेला. दोन वर्षे दोन शिक्षकांनी तिच्यावर चांगला शेरा लिहिला होता, आणि त्या चांगल्या शेऱ्यामागे एक मूल एकटे बसले होते. पुढच्या आठवड्यात दौलतला घेऊन गुरुजी तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डावा कान गेलेला होता, उजवा औषधाने बराच सुधारला. तिला पहिल्या बाकावर, डाव्या भिंतीला लागून बसवले, म्हणजे उजवा कान गुरुजींकडे येई.

पुढे सरकारी छापील तक्ते आले, त्यांत चौकोन होते, चौकोनांत खुणा करायच्या होत्या. माझी गरज संपली. आज मी ट्रंकेच्या तळाशी आहे. कसर लागली आहे, शिवण सैल झाली आहे. तरी स्वस्थता नाही. कुठल्या शाळेत, कोणत्या टेबलावर, कोण घाईने कोणाविषयी काय लिहीत असेल, याचाच घोर लागून राहतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्याविषयी कोणी काही लिहिले, चांगले असो वा वाईट, तर ते वाचायला मागा. नम्रपणे मागा, पण मागाच. चुकले असेल तर सांगा. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन टाक हातात घ्याल, तेव्हा लिहिण्याआधी त्या मुलाला एकदा विचारा.

माझ्या शेवटच्या पानावरची शेवटची नोंद १९५८ च्या मार्चमधली आहे. गुरुजींनी ती शीलाला वाचून दाखवली : "वर्गात फार बडबड करते. तीनदा दटावले. बरोबर आहे का?"

"चारदा, गुरुजी," शीला म्हणाली. गुरुजींनी तिनाचे चार केले.