तिरकी धरलेली रडार गन

मी एक जुनी रडार गन आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. माझ्यातून गोळी सुटत नाही. बेसबॉलच्या मैदानावर फेकलेला चेंडू किती वेगाने आला ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझा चाप ओढला की माझ्या पाठीवरच्या काचेत ताशी मैलांचा लाल आकडा उमटतो. आता माझी मूठ झिजली आहे, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण स्मरणशक्ती ठणठणीत आहे. एका माणसावर मी डूख धरला होता आणि त्याचा सूड मी घेतला. असल्या गोष्टी मुलांना सांगू नयेत म्हणतात. मी सांगणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या कितीतरी बहिणी पोलिसांकडे गेल्या आणि हायवेच्या कडेला झुडपाआड दबा धरून बसल्या. मी मैदानावर आले. माझा पहिला मालक गॉर्ड नावाचा म्हातारा स्काउट होता. स्काउट म्हणजे गावोगाव हिंडून होतकरू खेळाडू हेरणारा माणूस. पोरगं किती जोरात फेकतं हे तो मला विचारायचा, किती पळतं हे घड्याळाला, आणि बाकी सगळं स्वतःच्या डोळ्यांना. चूक झाल्यावर पोराचा चेहरा कसा होतो, हेसुद्धा तो बघून ठेवायचा. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि झेलणाऱ्याला कॅचर. गॉर्ड कायम कॅचरच्या बरोबर मागे, जाळीला नाक लावून उभा राहायचा. थंडी असो, पाऊस असो, जागा सोडायचा नाही. मऊ फडक्याने मला पुसायचा आणि म्हणायचा, "गुड गर्ल." मी फुशारून जायचे.

पुढे गॉर्डचे गुडघे गेले. त्याने आपलं सामान विकायला काढलं आणि मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलाममधल्या जयदीपच्या हातात पडले. जयदीप मूळचा पुण्याचा, इंजिनीअर, शेजारच्या बर्नाबीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. इकडे मुलांच्या संघांना आईवडीलच फुकट शिकवतात. तसा तोही पुष्करच्या, म्हणजे आपल्या मुलाच्या, संघाचा कोच झाला होता. पहिल्या दिवशी त्याने मला उंच धरून बाकीच्या पालकांना भाषण दिलं होतं.

"गन बॉलच्या लाइनमध्येच हवी. साइडने धरली की रीडिंग ड्रॉप होतं. सिंपल ट्रिगनॉमेट्री आहे."

माणूस हुशार, यात शंका नाही. समोरून अंगावर येणाऱ्या चेंडूचा वेग मी अचूक सांगते. बाजूला उभं राहून मला धरलं तर चेंडू माझ्याकडे न येता तिरका निघून जातो, आणि मग माझा आकडा घसरतो. हे त्याला नीट ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा.

यंदा व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यानंतरच्या वसंतातली ही गोष्ट. उन्हाळी दौऱ्याचा संघ निवडायचा होता आणि त्यात पिचरची एकच जागा रिकामी होती. पुष्करला ती हवी होती. त्याच्यापेक्षा ती त्याच्या बाबांना हवी होती. आणि ती ऊर्मीलाही हवी होती.

ऊर्मी चौदा वर्षांची, लांब हातांची, मोजकं बोलणारी. तिची आई ललिता नागपूरची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. या वयात मुली बेसबॉल सोडून सॉफ्टबॉलकडे जातात. ऊर्मी गेली नाही. मुलांच्या रांगेत ती एकटीच वेणी घालून उभी राहायची. एप्रिलच्या मधल्या रविवारी ललिताने जयदीपसाठी लाडवांचा डबा आणला. "चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता ना आमचा, त्यातले आहेत, भाऊ," ती म्हणाली. तो थँक्यू म्हणाला आणि डबा न उघडता गाडीत टाकला. मी तेव्हा डिकीत असायचे, म्हणून मला माहीत आहे, तो डबा पुढेही उघडला गेला नाही.

त्याच दिवशी ऊर्मीने पहिला चेंडू फेकला. मी कॅचरच्या मागेच होते. माझ्या काचेत जो आकडा उमटला तो पुष्करपेक्षा मोठा होता. जयदीपने तो पाहिला. इकडेतिकडे पाहिलं. मग काचेवर अंगठा ठेवला, कॉफीचा कप उचलला आणि गप्पा मारायला निघाल्यासारखा चालत चालत तिसऱ्या बेसच्या कुंपणापाशी, पार बाजूला जाऊन उभा राहिला. तिथून त्याने मला तिरकं धरलं. ऊर्मीचे उरलेले सगळे चेंडू त्याने तिथूनच मोजले.

"फिफ्टी-सिक्स!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

मित्रांनो, ज्यांना जीभ नसते त्यांना फक्त खरेपणा असतो. तोच या माणसाने माझ्याकडून हिसकावून घेतला. पुढच्या रविवारी तेच. पुष्करची पाळी आली की जयदीप जाळीमागे, ऊर्मीची आली की कुंपणापाशी. कॅचर होता नंदन नावाचा गोलमटोल मुलगा. ऊर्मीचे चेंडू झेलून त्याचा तळवा लाल झाला होता. मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, काढून हात झटकत तो म्हणाला, "कोच, शी थ्रोज हार्ड. इट हर्ट्स."

"नंदन, हात दुखतो तुझा, कारण तू नीट पकडत नाहीस," जयदीप म्हणाला. मग ललिताकडे वळून म्हणाला, "ताई, मला वाईट वाटतं, पण काय करणार? गन कधी खोटं बोलत नाही. तुम्ही तिला सॉफ्टबॉलला का नाही टाकत?"

"ती रोज बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस करून राहिली, भाऊ. गादीवर बॉल मारते तर वरची भांडी हालतात माझी."

"असेल. पण नंबर नंबर असतो ना."

ग्लव्ह काखेत धरून ऊर्मी कार पार्किंगकडे चालू लागली. तिची मान खाली नव्हती, पण पावलं जड पडत होती. आणि मला त्या माणसाने डिकीत भिरकावलं. माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला तो तेव्हाच. विंटर टायर्सच्या ढिगावर, ओल्या काळोखात पडून मी ठरवलं, याला सोडायचं नाही. माझ्या नावाची शपथ घेऊन याने एका पोरीला हाकललं. याची फजिती माझ्याच काचेत उमटली पाहिजे आणि ती गावाने वाचली पाहिजे.

मला हात नाहीत, पाय नाहीत. मी फक्त वाट पाहू शकत होते. पण जयदीपनेच सगळी सोय केली. झालं असं, की खोटा आकडा ओरडून ओरडून त्यालाच तो खरा वाटू लागला. ऊर्मी हळू फेकते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

निवडीच्या शेवटच्या रविवारी त्याने एका कॉलेजच्या स्काउटला पुष्करला बघायला बोलावलं होतं. क्लबच्या अध्यक्षबाईही येणार होत्या. पुष्कर फेकतो तसा मारतोही, हे दाखवायचं, तर त्याला चेंडू टाकायला कुणीतरी हवं. कुणीतरी सोपं हवं. आदल्या दिवशी गाडी चालवता चालवता जयदीपने ललिताला स्पीकरवर फोन लावला. डिकीत मला दोघांचंही बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, उद्या ऊर्मीला पाठवाल का? मुलांना टाकायला कुणीतरी हवंय. ती हळू टाकते, मुलांना मारायला बरं पडतं."

ललिता नाही म्हणणार, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. तेवढ्यात मागून ऊर्मीचा आवाज आला. "मम्मी, टेल हिम आय'ल बी देअर."

मी विंटर टायर्सवर पडल्या पडल्या हसले.

रविवारी झिमझिम पाऊस होता. जयदीपने त्या दिवसासाठी खास मोठा आकड्यांचा फलक आणला होता. माझ्यात उमटेल ते फलकावर सगळ्या मैदानाला दिसणार होतं. त्याने मला तिवईवर चढवलं, कॅचरच्या बरोबर मागे, नाकासमोर सरळ. पावसात हलू नये म्हणून, चाप ओढलेलाच ठेवून, चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले आणि वरून ग्रोसरीची पिशवी घातली. स्वतःच्या हातांनी बांधलं त्याने मला. गॉर्डनंतर प्रथमच कुणीतरी मला इतकं सरळ धरलं होतं.

आधी पुष्करने फेकून दाखवलं. फलकावर सदुसष्ट लागले. आकडा खरा होता आणि या वयाला चांगला होता. जयदीपने टाळ्या वाजवल्या, स्काउटनेही मान डोलावली. मग पुष्कर बॅट घेऊन उभा राहिला आणि ऊर्मी मातीच्या उंचवट्यावर चढली. मला बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला चेंडू नंदनच्या मिटमध्ये फटाक्यासारखा वाजला. पुष्करची बॅट मागाहून फिरली. फलकावर सत्तर.

"ग्लिच आहे," जयदीप हसत म्हणाला. हसू ओठांवरच राहिलं.

दुसरा चेंडू. पुन्हा बॅट हवेत, आणि एकाहत्तर.

"ऊर्मी बेटा, ईझी, ईझी! जस्ट लॉब इट!"

ऊर्मीने टोपी सारखी केली. "अंकल, आय ॲम गोइंग ईझी," ती म्हणाली. आणि मग तिने जोर लावला.

चौऱ्याहत्तर! मी तो आकडा असा लखलखवला, की पावसातही लांबच्या पार्किंगमधून वाचता आला असता. मित्रांनो, एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. जयदीप धावत आला आणि माझ्या चिकटपट्टीला नखं लावू लागला. पट्टी निघेना. चांगली घट्ट बांधली होती त्याने. "गन बिघडलीय," तो धापा टाकत म्हणाला. "जुनी आहे, काय वाट्टेल ते दाखवते."

जाळीमागे उभ्या स्काउटने हातातली स्वतःची गन त्याच्यासमोर धरली. "माइन सेज द सेम."

तेव्हा कुंपणाशी छत्री धरून उभी असलेली ललिता शांतपणे म्हणाली, "भाऊ, गन कधी खोटं बोलत नाही म्हणत होते ना तुम्ही?"

अध्यक्षबाईंनी इंग्रजीत विचारलं, की आधीच्या रविवारी हा आकडा का दिसला नव्हता. जयदीप चिकटपट्टीशीच झटत राहिला. नंदनने भाबडेपणाने तिसऱ्या बेसकडे बोट दाखवलं. "कोच ऑल्वेज स्टँड्स ओव्हर देअर फॉर हर." बाईंनी त्या कुंपणाकडे पाहिलं, तिवईवर सरळ बांधलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. जयदीपचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि मी तो चवीचवीने पाहिला.

पुष्कर बॅट टेकवून उभा होता. "डॅड, यू सेड शी थ्रोज फिफ्टी-सिक्स," तो म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. त्या पोराचं मला वाईट वाटलं. त्याच्या बापाचं अजिबात नाही.

पिचरची जागा ऊर्मीला मिळाली. पुष्करला मैदानाच्या टोकाला उभं केलं आणि जयदीपकडून निवडीचं काम काढून घेतलं. इथे माझा सूड संपला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. जयदीप मला कचऱ्यात टाकेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने टाकलं नाही. मी आजही त्याच्याच बेसमेंटमध्ये आहे.

कारण त्या दिवसापासून त्याला माझ्याशिवाय करमत नाही. रोज संध्याकाळी तो पुष्करला मैदानावर नेतो, मला सरळ, अगदी सरळ धरतो आणि चौऱ्याहत्तरची वाट पाहतो. मी सदुसष्ट सांगते, कधी अडुसष्ट. जेवढं आहे तेवढं, वर एकही नाही. परवा पुष्कर खांदा चोळत म्हणाला, "डॅड, कॅन वी जस्ट प्ले?" जयदीपचा हात खाली आला. आता हा मला गवतावर ठेवणार, असं वाटलं. मग तो म्हणाला, "वन मोअर," आणि त्याने माझा चाप पुन्हा ओढला.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी म्हातारी वस्तू म्हणते, मला पुसा, मला जपा. मला नका जपू. मला आणखी टवके उडाले तरी चालतील. पण त्या पोराचा खांदा जपा. तुमच्यापैकी कुणी त्या मैदानावरून गेलात, तर जयदीपला सांगा, की गन खाली ठेव आणि मुलाबरोबर खेळ. कुणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही.