नापास ते पहिली

चौकातला तो फलक बाईंनी पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा मोठा फोटो, आणि कोणाचा? त्यांच्या चिमणीचा! क्लासवाल्या सरांनी प्रवेश परीक्षेतच 'हिला गणित जमायचं नाही' म्हणून जिला दारातून परत पाठवलं होतं, तिचा. बाईंनी तिला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अपूर्णांकांपासून शिकवलं आणि पोरगी सगळ्या शहरात पहिली आली. आता फलकावर सर तिच्या मागे हाताची घडी घालून उभे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नापास ते पहिली! सरांची जादू!' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

संध्याकाळी घरी आलेली चिमणीची आई मान खाली घालून म्हणाली, "बाई, पुढची दोन वर्षं फुकट शिकवतो म्हणाले हो. हिचे बाबा हो म्हणून बसले."

"असू दे," बाई म्हणाल्या. तिच्यावर राग काढून काय मिळणार होतं? त्यांना सरांची जिरवायची होती.

बाईंनी एके काळी सरांच्या क्लासमध्ये नोकरी केली होती, त्यामुळे त्यांचं पाणी त्या ओळखून होत्या. सर हुशार मुलं तेवढी निवडून घ्यायचे, फळ्याकडे तोंड करून भराभर गणितं उरकायचे. मुलं मुळातच हुशार, ती सुटायचीच. अडलेल्या पोराला समजावणं? नाव नको!

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या दारात आलेल्या प्रत्येक आईबापाला एकच उत्तर मिळू लागलं. "अहो, माझ्याकडे कशाला? फलक वाचला नाहीत का? सर नापासांना पहिलं आणतात!" एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! स्वतःच्या शिकवणीतली कच्ची मुलंसुद्धा त्यांनी तिकडे धाडली. भागाकाराला घाबरणारी ठकी तेवढी रडली. "मला तुमच्याकडेच राहायचंय." बाईंनी तिचे डोळे पुसले आणि तिलाही पाठवलं.

सरांच्या दारात ही झुंबड उडाली. सरांनी सवयीप्रमाणे प्रवेश परीक्षेचे कागद काढले, तर एक बाप कडाडला, "नापासांना पहिलं आणता ना? मग परीक्षा कसली घेता?" काय बोलणार? फलक खोटा आहे म्हणायची सोय नव्हती. झक मारत सगळ्यांना घ्यावं लागलं. त्या गर्दीला कंटाळून हुशार मुलं दुसरीकडे गेली.

बाईंचं टेबल वर्षभर रिकामं राहिलं. ओढाताण झाली, पण त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. निकालाच्या दिवसाची वाट बघण्यातच त्यांचं पोट भरत होतं.

निकाल लागला आणि सरांचा अर्धा क्लास गणितात आपटला. आईबाप चाल करून गेले, सरांच्या तोंडचं पाणी पळालं, संध्याकाळपर्यंत फलक उतरला. बाई ठेवणीतले कपडे घालून बघायला गेल्या होत्या. "बरी खोड मोडली मेल्याची!" घरी येईपर्यंत त्या मनातल्या मनात हसत होत्या.

दारात ठकी उभी होती, आईबरोबर. नापास झाली होती.

"हिला पुन्हा घ्याल का हो?" आई म्हणाली. "चूक आमचीच, फलकाला भुललो. तुमच्याकडे बरी चालली होती."

"घेणार तर! या, बसा," बाई लगबगीने म्हणाल्या.

आईने खुर्ची ओढली. ठकी उभीच राहिली.

"बाई, सरांना आम्हाला शिकवता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ठकी बघत होती.

"हो," बाई म्हणाल्या.

"मग मला का पाठवलंत?"

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ओढलेली खुर्ची परत आत सरकवली आणि ठकीचा हात धरून ती जिना उतरून गेली.