जुलैची परीक्षा

डॉक्टरकडे जायचं ठरलं ते किल्लीवरून. गाडीची किल्ली मी पाऊण तास शोधली. गॅरेजमध्ये, अंगणात, सोफ्याखाली हात घालून. शेवटी ती रोनेटला सापडली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या पिशवीखाली. "किल्ली कुणाचीही हरवते," मी म्हणालो. "हरवते की," माझी बायको म्हणाली, "पण ती गार व्हायला कुणी ठेवत नाही, कॉर्नेल." आणि तिनं फोन उचलून वेळ घेतली.

मी तणतणलो. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हटलं. पण रोनेटनं एकदा ठरवलं की आमच्या घरात दुसरं मत शिल्लक राहत नाही.

सात वर्षं मी अमेरिकन फुटबॉलवर पोट भरलं, हेल्मेट घालून धडका मारतात तो. बचावाच्या पहिल्या रांगेत, राखीव. कॉर्नेल पूल हे नाव तुम्हाला आठवत असेल तर एकतर तुम्ही माझी आई आहात किंवा खोटं बोलताय. पहिल्या रांगेतली माणसं चेंडूला सहसा हात लावत नाहीत. समोरच्या तीनशे पौंडांवर डोकं घालायचं, उठायचं, परत घालायचं. आणि राखीव म्हणजे ज्याला एवढंसुद्धा रोज मिळत नाही तो.

नेहमीच्या खेळाडूंच्या कपाटांवर पितळी पाट्या होत्या. माझ्या कपाटावर चिकटपट्टी आणि त्यावर मार्करनं 'पूल'. आठवडाभराच्या सरावात तर मी आमच्या संघाचाच नसायचो. रविवारी ज्यांच्याशी सामना असेल त्यांच्या कुणा नामांकित गड्याच्या नंबरचं जाकीट घालून त्याची नक्कल करायची, म्हणजे आमच्या लोकांना त्याची सवय व्हावी. रविवारी बाकावर बसायचं आणि आपल्या पुढच्याकडे बघत राहायचं. तो दमला की हेल्मेटवर दोनदा थाप मारणार, तुम्ही धावत जाणार, दहा-बारा डाव खेळणार. मग तो ताजातवाना होऊन येतो आणि तुम्ही परत बाकावर.

माझ्या पुढचा होता व्हर्नन टिबो. लुइझियानाच्या दलदलीतला, आडदांड, हसला की शेजारच्या कपाटाचं दार वाजायचं. ऑगस्टमध्ये माणसं कमी करतात तेव्हा कचेरीतला एक जण मागून येऊन खांद्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, कोचनं बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. मला सहा वेळा ते बोट लागलं आहे. ह्या तळ्याकाठच्या गावातल्या संघात आलो तेव्हा टिबोच पहिल्यांदा म्हणाला, "ए चिकटपट्टी, जेवलास का?" आणि मला घरी घेऊन गेला. तिथं त्याची धाकटी बहीण कोळंबीचा गंबो, त्यांच्याकडचं दाट कालवण, ढवळत उभी होती. ती रोनेट. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

जुलैची परीक्षा मला टिबोनंच शिकवली.

सराव सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला कॉम्प्युटरपुढे बसवायचे. बारा शब्द दाखवायचे, मग चौकोन-त्रिकोण, मग परत ते शब्द विचारायचे. टिबो दाराबाहेर मला अडवून म्हणाला, "बाराच्या बारा आठवले तरी सातच सांग."

"का?"

"अरे खुळ्या, हा डोकं शाबूत असतानाचा आकडा. पुढं कधी आपटलास की हीच परीक्षा परत घेतात आणि आकडे ताडून बघतात. आज बारा लिहिलेस आणि त्या दिवशी सात आले, की बसवलाच तुला. आज सात, त्या दिवशी सात, की सगळं आलबेल."

"आणि त्यांना वाटलं, हा ढ आहे, तर?"

"बाळा, तू पहिल्या रांगेत खेळतोस. त्यांना ते आधीच वाटतंय."

बरेच जण तसंच करायचे. त्यात फसवणूक आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही, उलट शहाणपण वाटायचं. नेहमीचा खेळाडू दोन रविवार बसला तर तिसऱ्या रविवारी जागा त्याचीच असते. राखीव एक रविवार बसला की त्याच्या कपाटावर दुसऱ्याची चिकटपट्टी. मी सात शब्द लिहिले आणि पाच गिळले. ते पाच मला घरी जाईपर्यंत पाठ होते.

मग तो डिसेंबर आला. तळ्यावरून बर्फ आडवं येत होतं. सामन्याच्या दुसऱ्या चतकोरात कुणाचा तरी गुडघा टिबोच्या हेल्मेटवर बसला. तो उठला, चालत आला, माझ्याशेजारी बाकावर बसला आणि मैदानाकडे बघत शांतपणे म्हणाला, "बाबांनी बोट बांधली का रे?"

त्याचे बाबा वारून तेरा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "टिबो, मी कोण आहे?" तो माझ्याकडे बघून हसला. ते हसू ओळखीच्या माणसाचं नव्हतं, बसथांब्यावर अनोळखी माणसाला देतात तसलं होतं. तेवढ्यात संघाचे डॉक्टर आले आणि त्याला आत घेऊन गेले. दहा मिनिटांनी तो हेल्मेट चढवत बाहेर आला. सात शब्द. जुलैमध्ये सात, डिसेंबरमध्ये सात. आलबेल.

मी उठून चार पावलं टाकून डॉक्टरांना सांगू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं, की तो आकडा खोटा आहे आणि हा माणूस मेलेल्या बापाची चौकशी करतोय. पण तो बसला असता तर त्याच्या जागी कोण गेलं असतं? मी. आमच्यात हे कुठं लिहिलेलं नाही, पण प्रत्येकाला ठाऊक आहे: पुढच्याच्या दुखण्याबद्दल कुणीही बोलावं, त्याच्या मागे उभ्या असलेल्यानं बोलू नये. पठ्ठ्यानं मित्राची जागा खाल्ली, असं सगळे म्हणाले असते. आणि खरी गोष्ट ही की मला ती जागा हवीच होती. रोज हवी होती. दोन वर्षं दर रविवारी त्याची थाप कधी पडते म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. जागेची हाव नसती तर मी बेधडक बोललो असतो. हाव होती म्हणून सज्जन झालो आणि तोंड मिटून बसलो.

टिबो मैदानात गेला. त्या दिवशी शेवटपर्यंत खेळला आणि त्यानंतर आणखी सहा वर्षं खेळला. त्या सहा वर्षांत त्याच्या डोक्यावर किती फटके बसले ते मोजणारं कुणी नव्हतं.

पुढचं सगळं रोनेटनं निभावलं. चाळिशीच्या आत तो स्वतःच्या घराचा रस्ता विसरला. मग आमच्या तळघरातल्या खोलीत राहायला आला. कधी आरशाशी भांडायचा, कधी सकाळी आठ वाजता अंगणात, डाव सुरू व्हायच्या आधी वाकतात तसा वाकून, एक हात जमिनीला टेकवून तासभर कुणाची तरी वाट बघत राहायचा, आणि रोनेट त्याच्या अंगावर कोट टाकून शेजारी उभी असायची. त्याला चमच्यानं भरवताना ती मला विचारायची, "कॉर्नेल, हे सुरू केव्हा झालं असेल रे? कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हणायचो, काय माहीत. चार वर्षांपूर्वी तो गेला.

गेला म्हणायचं. सकाळी कॉफी होईस्तोवर मी स्वयंपाकघरात एकटा असतो तेव्हा तो टेबलापाशी येऊन बसतो. बोलत नाही. तरुणपणचाच असतो, खांद्यांत रुतलेली जाड मान, आणि बसथांब्यावरचं ते हसू. मी त्याच्याकडे पाठ करतो आणि कप धूत बसतो. धुतलेलेच कप परत धुतो. माझ्या डोक्याचं काहीतरी होतंय हे मला किल्लीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. मला फक्त ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तर त्या मंगळवारी आम्ही डॉक्टर लिंडक्विस्टबाईंकडे गेलो. तरुण बाई, बोलायला मऊ. कॉम्प्युटर तसलाच, फक्त पातळ झालेला. बारा शब्द. ह्या खेपेला मी एकही गिळणार नव्हतो. इस्त्री, वाळू, खलाशी... मी टेबलाची कड धरली आणि एकेक शब्द ओढून काढला. घाम फुटला. सात निघाले. पुढं काही नव्हतं. त्या जुलैत लपवलेले पाच शब्द मला घरापर्यंत पाठ होते. आजचे पाच कुठंच नव्हते.

डॉक्टरबाईंनी संघाकडून आलेली जुनी फाईल उघडली, आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मिस्टर पूल, तेव्हाही सात, आजही सात. एवढ्या वर्षांत काही घसरण नाही! तुमची ठेवणच अशी आहे म्हणायची. झोप नीट घ्या. वर्षानं परत या."

मी रोनेटकडे बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी बोलेन अशी वाट बघितल्यासारखी. मी म्हणालो, "थँक यू, डॉक्टर."

आम्ही खाली येऊन गाडीत बसलो. ती चालवणार होती. तिनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर एक म्हातारा चाकाच्या खुर्चीतल्या बायकोला मफलर गुंडाळत होता. आकडा खोटा आहे हे सांगितलं नाही तर मी वर्षभर झोपा काढत बसणार आणि घरंगळत टिबोच्या वाटेनं जाणार. सांगितलं, तर पुढचा प्रश्न ती विचारणारच: मग व्हर्ननचा आकडा? आणि मग बाक, बर्फ, बोट, सगळं. ज्या बाईनं भावाला दोन वर्षं भरवलं तिला सांगायचं, की सुरू केव्हा झालं ते मला मिनिटापर्यंत माहीत होतं. एकोणीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. डोकं जाईल की बायको, एवढाच हिशेब उरला होता.

"रोनेट," मी म्हणालो, "तो जुना आकडा खोटा आहे."

मग मी थांबलो नाही. जुलै सांगितला, टिबोनं दाराबाहेर शिकवलं ते सांगितलं. डिसेंबर सांगितला. तो माझ्याशेजारी बसला, काय म्हणाला, कसा हसला. मी उठलो नाही. का उठलो नाही, तेही सांगितलं, हावेसकट. बोलता बोलता माझं नाक वाहायला लागलं. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. तो तिनं आधीच घडी उलगडून तयार ठेवला होता.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

"काहीतरी बोल," मी म्हणालो. "मार मला. पण बोल."

"कॉर्नेल," ती म्हणाली, "हे तू मला चौथ्यांदा सांगतोयस."

मला वाटलं, ती चिडून काहीतरी वाकडं बोलतेय.

"पहिल्यांदा नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला सांगितलंस. टर्की कापता कापता. मी ताट भिंतीवर फेकलं आणि आईकडे निघून गेले. अकरा दिवस. परत आले तर तू दारात म्हणालास, आईची तब्येत कशी आहे? मला वाटलं, नाटक करतोयस. मग फेब्रुवारीत परत सांगितलंस, हेच, ह्याच शब्दांत. मग ईस्टरला, चर्चमधून येताना."

"नाही," मी म्हणालो. "मी कुणालाही कधी..."

"ईस्टरच्या संध्याकाळी मी म्हटलं, चल, हे डॉक्टरांना सांगू. तर माझ्यावर डोळे वटारलेस. म्हणालास, तुझ्या भावाबद्दल असलं कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? म्हणून आज गप्प बसले. म्हटलं, स्वतःच्या तोंडानं सांगशील तर नाकबूल करणार नाहीस. आत बोलला नाहीस. पण आता इथं बोललास. चल, उतर. पाच मिनिटांत त्या बाईंपुढे बसायचंय, हे तुझ्या ध्यानात आहे तोवर."

तिनं किल्ली काढून घेतली. मी हललो नाही. थँक्सगिव्हिंग आठवत होतो. भिंत, ताट, काहीतरी डाग तरी. टर्कीसुद्धा आठवेना. ती माझ्या बाजूनं येऊन दार उघडून उभी राहिली.

"मग मला माफ केलंस का?" मी विचारलं.

"ईस्टरला केलं होतं," रोनेट म्हणाली. "सगळी रात्र लागली मला. तू माझा हात धरून रडलास, आणि सकाळी उठून कॉफी मागितलीस. दरवेळी नाही होत रे माझ्याच्यानं."

तिनं माझ्या काखेत हात घातला आणि मला गाडीतून उठवलं.