टाचण्या काढायची वेळ

शनिवारी बाराच्या गाडीने रादिम कायमचा ब्रनोला जाणार होता. तिथल्या स्टेशनवर त्याची मैत्रीण हेडविका थांबणार होती. "दोनदा ताटकळले. हे तिसरं आणि शेवटचं," असं तिनं फोनवर बजावलं होतं, आणि हेडविका बोलते ते करते.

दोन्ही वेळा आडवं आलं ते विमान. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्यांवर पातळ कागद ताणून केलेलं हे मॉडेल त्याच्या वडिलांचं, ओटाकारचं. ते कपाटावर असायचं आणि मुलाची बॅग भरली की नेमका त्याचा कागद फाटायचा. एकदा म्हणे मांजरानं फाडला, एकदा वाऱ्यानं. पाचव्या मजल्यावर मांजर कुठून आलं, हे त्या घरात कुणी विचारलं नाही.

या मंगळवारी पुन्हा फाटला; या वेळी म्हणे विमान कपाटावरून पडलं. रादिमनं पंख उजेडात धरला. विमान खाली पडलं असतं तर आतली एखादी काडी तरी मोडली असती. काड्या धडधाकट होत्या आणि कागदाला बोटाएवढं गोल भोक.

"बाबा, हे बोट तुमचं."

"असेल," ओटाकार बटाट्याचं सूप ढवळत म्हणाला. "एक्कावन्न वर्षांचा घोडा झालास, आत्ता कळलं होय?"

रादिमला राग आला नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

तो दुरुस्तीला बसला. फाटका कागद सोलला, नवा चिकटवला, पाणी फवारून ताणला. कडेची लाल पट्टी उचकटली तर खाली जुनी चिठ्ठी निघाली: सापडल्यास या पत्त्यावर आणून द्यावे. पत्ता याच घराचा. ती तशीच ठेवून त्यानं वर नवी पट्टी लावली. शुक्रवारी संध्याकाळी रोगणाचा शेवटचा हात दिला आणि पंख पाटावर टाचण्यांनी जखडला. चोवीस तास हलवायचा नाही. आधी सोडला तर सुकता सुकता पिळवटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

शनिवारी सकाळी ओटाकारनं स्वतःच बॅग दाराशी आणून ठेवली.

"निघ. टाचण्या मी काढतो संध्याकाळी."

"हात थरथरतात तुमचे."

"भोक पाडताना नाही थरथरले." म्हातारा खाली बघत टोपी घालू लागला. "चुकलं माझं. मी पाव आणायला जातो. परत येईन तेव्हा घरात दिसू नकोस."

दार लागलं. रादिमनं बूट चढवले. इतकी वर्षं बोट दाखवायला बाप होता. आता अडवणारं कुणीच नव्हतं. तो टेबलाशी आला. कागद अजून गारच लागत होता. नुसतं बघू या, असं म्हणत त्यानं एक टाचणी काढली. मग दुसरी. मग सगळ्याच. पंखाचं टोक हळूहळू उचललं गेलं आणि वळलं. तो हात खिशात घालून बघत राहिला.

ओटाकार परतला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यानं पंखाकडे पाहिलं, मुलाच्या बुटांकडे पाहिलं आणि टोपीसकट खुर्चीत बसला.

"किती दिवस?"

"चार तरी."

म्हाताऱ्यानं पिशवीतून दोन पाव काढले.

"माझ्यापुरतेच आणलेत रे," तो म्हणाला, आणि एक त्याच्यापुढे सरकवला.