डाग नसलेले कपडे

लॉन्ड्रीवाल्या बाईच्या नजरेतून डाग सुटला, असं आजवर झालं नव्हतं. कॉलरवरचा घाम, खिशाला लागलेली शाई, लाजत लाजत घडी घालून आणलेल्या चादरी, सगळं तिला गठ्ठा उलगडतानाच कळायचं. वर जीभ तिखट. गिऱ्हाईक म्हणालं, "नवाच आहे हो शर्ट," की ही म्हणायची, "हो, माझ्या लग्नात नवा होता."

लेकीचं मात्र तिला भारी कौतुक. शाळेत नाव काही का असेना, घरात ती चिमणी. पंधरा पूर्ण झाली तरी वर्गात सगळ्यांत बुटकी. दोन वर्षांपूर्वी पाळी आल्याचं तिने सांगितलं, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. त्याआधी तिने पोरीला विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. मावशीच्या मुलीला आली, शेजारणीच्या मुलीला आली, तुझं काय? मग मात्र फोनवर बहिणीला ऐकवायची, "आमची चिमणी इतकी नीटनेटकी, कपड्याला कधी ठिपका लागू देत नाही."

परवा शाळेच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना शंका आली. उंची खुंटलेली, छातीही अजून भरलेली नाही, हार्मोन्सच्या तज्ज्ञांना दाखवा, म्हणाल्या.

"पाळी वेळेवर येते की," आई फणकारली.

"तरी दाखवा."

म्हणून आज दोघी तज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. समोर एक बाई कडेवरच्या बाळाच्या झबल्यावर सांडलेलं औषध रुमालाने पुसत होती, आणि डाग नुसता पसरत होता. अगं, घासू नको, गार पाणी लाव, हे आईच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं.

दोन वर्षं. चादरीला नाही, निकरला नाही, गणवेशाला नाही, कुठेच कधी एक ठिपका नाही. कितीही जपलं तरी एखादा डाग पडतोच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणी नखं खात होती.

तेवढ्यात आतून हाक आली. तज्ज्ञ बाईंनी विचारलं, "पाळी कधी सुरू झाली?"

चिमणीने सवयीने आईकडे पाहिलं. उत्तरं नेहमी आईच द्यायची.

"मला नाही माहीत," आई म्हणाली. "हिच्या कपड्यावर मी कधी डाग पाहिला नाही, डॉक्टर. आणि त्याचंच कौतुक करत बसले."

चिमणीचा बांध फुटला. पाळी आलीच नव्हती. पॅड कोरेच गुंडाळून ती टाकून द्यायची.

"छाती भरत नाही हे पाहून तेराव्या वर्षीच हिला दाखवायला आणायला हवं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "असो. आधी रक्त तपासू, कारण शोधू. बहुतेक वेळा उपाय असतो." मग त्या चिमणीजवळ वाकल्या. "घरी कुणाची भीती वाटते का? आईला जरा बाहेर बसवू?"

चिमणीने नाक पुसलं. "हिचीच वाटते," ती म्हणाली, आणि आईचं मनगट घट्ट धरलं. "पण हिला बाहेर पाठवू नका."