धुतलेलं पत्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना आत शिरता आलं नव्हतं ते खिडक्यांना लटकले होते. मंचावर काळ्या कापडाखाली एक पेटी, पेटीवर पडदा आणि शेजारी अक्षरबाबा. कुणी भिजलेलं, जळकं, उंदरांनी कुरतडलेलं पत्र दिलं की बाबा ते पेटीत सरकवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "शाई पुसते, आत्मा पुसत नाही! बोल, लिहिणाऱ्या, बोल!" की पडद्यावर गेलेले शब्द उमटायचे.

एका म्हाताऱ्याच्या मेलेल्या मुलाचं पत्र बोललं. मग एका विधवेच्या नवऱ्याचं. लोक हुंदके देत होते.

तिसरी माझी ताई. तिच्या लेकीचं पत्र आलं तेव्हा चष्मा जवळ नव्हता, म्हणून तिनं ते गाऊनच्या खिशात ठेवलं आणि खिशासकट धुतलं. उरले चारसहा शब्द. जावयाला फोन केला की "ती कामात आहे," एवढंच ऐकू यायचं.

पडद्यावर उमटलं : 'आई, मी इथं खुशाल आहे. मला काही कमी नाही. तू काळजी करू नकोस.'

ताई मंचावरच कोसळली. आनंदानं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. गल्लीत मला चुकामास्तर म्हणतात. तीन वेगवेगळ्या लेखकांच्या मजकुरात एकच वाक्य दिसलं, तर आम्ही लेखकाला विचारत नाही, यंत्र उघडतो. इथे तर मेलेला मुलगा, मेलेला नवरा आणि जिवंत भाची, तिघंही खुशाल होती, तेही त्याच शब्दांत!

"ताई, आजच्या आज तिच्याकडे जाऊ."

"तुला जन्मभर दुसऱ्याच्या चुकाच दिसल्या. लेक सुखात आहे हेही खुपतंय?"

"सुखात आहे तर भेटून येऊ."

"आणि जावयाला काय सांगू? संशय आला म्हणून?"

ती हलेना. मी एकटा गेलो असतो, तर आज हे लिहावं लागलं नसतं. मी गेलो नाही. बाबाला उघडा पाडायची मला जास्त घाई होती.

आठ दिवसांनी बाबांची पुढची बैठक भरली. ताईही आली होती. मी एक पत्र लिहिलं, त्याची प्रत काढली आणि मूळ पत्रावर चहा ओतून ते बाबांच्या हातात दिलं. पडदा म्हणाला, 'मी इथं खुशाल आहे. मला काही कमी नाही. तू काळजी करू नकोस.'

प्रत मी पहिल्या रांगेतल्या शाळेच्या बाईंकडे दिली. त्यांनी मोठ्यानं वाचली : "मी इथं उपाशी आहे. मला कुत्रा चावला. तू डॉक्टरला घेऊन ये."

कुणीतरी फिसकन हसलं.

"लिहिणाऱ्याचा आत्मा आज विचलित आहे," बाबा पुटपुटले.

"लिहिणारा मीच, बाबा. आत्मा इथंच उभा आहे, आणि त्याला कुत्रा चांगला आठवतोय!"

मी कापड ओढलं. खाली साधा संगणक. आमच्या छापखान्यात आहे तोच प्रोग्रॅम. त्यात हजारो पत्रं भरलेली असतात. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द किती वेळा आला, हे तो मोजतो आणि रिकाम्या जागी सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द बसवतो. पत्रात माणसं बहुतेक वेळा काय लिहितात? खुशाल आहे. झालं! यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्यानं अंदाज केला होता. त्या अंदाजाला आत्मा म्हणणारा मात्र लबाड होता.

आमच्याकडे अंदाजाखाली लाल रेघ मारतात, शेजारी प्रश्नचिन्ह काढतात आणि पान लिहिणाऱ्याकडे परत धाडतात. लिहिणारा जिवंत असेल तर त्यालाच विचारायचं, एवढा साधा नियम.

विधवा माझ्यावर ओरडली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं उघडायला?"

ताई मात्र उठली. चप्पल न घालताच माझ्यासोबत निघाली.

जावई कामावर गेला होता. भाचीच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी ती काढली. डाव्या हाताला मळक्या फडक्याची झोळी. हाड मोडून सहा दिवस झाले होते, डॉक्टर कुणी दाखवला नव्हता. ताईनं तिला कवटाळलं, पण पोरीनं उजवा हात उचलला नाही.

"मामा," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी लिहिलं होतं, मला कोंडलंय, लगेच घेऊन जा. पत्र पोचलं नाही का?"

"पोचलं," मी म्हणालो.

"मग वाचलं कुणी?"

मी तिला उजव्या हाताला धरून दाराबाहेर आणलं.

बाबा आता दुसऱ्या गावात बसतात. तिथे जाणाऱ्यांना एवढंच सांगतो : जे वाचता येत नाही ते वाचता येत नाही म्हणा. आणि लिहिणारं माणूस जिवंत असेल तर उठा, गाडी पकडा, त्याचं दार वाजवा.

भाचीचं हाड वाकडं जुळलं. ती आता माझ्याकडे राहते. ताईशी बोलत नाही.